लांबच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा अतिनील प्रकाश : कामाच्या नोंदी

१२ जून

प्रश्न एवढाच: लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा अतिनील प्रकाश काळात मागे जावं तसा मंदावतो का, आणि मंदावत असेल तर कुठून?

या दीर्घिकांत बहुतेक तारे म्हातारे आणि तांबडे. अतिनीलमध्ये त्या जवळजवळ काळ्या दिसायला हव्यात. पण डिसेंबर १९६८ मध्ये सोडलेल्या ओएओ-२ उपग्रहाला देवयानी दीर्घिकेच्या जुन्या ताऱ्यांनी भरलेल्या गाभ्यात २००० अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं एकक, मीटरचा हजार कोटीवा भाग) अलीकडे प्रकाश पुन्हा चढताना दिसला. पुढे लंबवर्तुळाकार दीर्घिकांतही तेच सापडलं. हा चढ नव्या ताऱ्यांचा नाही. तांबड्या राक्षसी अवस्थेत ज्यांचं बाहेरचं हायड्रोजन जवळजवळ सगळं निघून गेलं आणि गाभ्यात हेलियम जळू लागलं, अशा वीस हजार केल्विनच्या वरच्या ताऱ्यांचा आहे. ताऱ्यांचा समुदाय जितका जुना, तितकी त्यात असे तारे बनायची शक्यता जास्त. म्हणून हा चढ वयाचा काटा म्हणून वापरता येतो, आणि म्हणूनच तो लांबच्या, म्हणजे तरुणपणीच्या, दीर्घिकांत शोधायचा.

माझ्याकडे दुर्बीण नाही. सगळं सार्वजनिक संग्रहातून घेणार आहे. अतिनीलसाठी गॅलेक्स ही अवकाशातली दुर्बीण, दृश्य प्रकाश आणि ताम्रसृतीसाठी (प्रकाश किती ताणला गेला याचा आकडा; जितका मोठा तितकी दीर्घिका लांब) स्लोन हे आकाशाचं सर्वेक्षण. पैसे लागणार नाहीत, डिस्कवरची जागा आणि वेळ मात्र भरपूर लागेल.

१५ जून

गॅलेक्सच्या कॅटलॉगचे तुकडे उतरवले. हे यान २००३ ते २०१३ चाललं. त्याचे दोन पट्टे: दूरचा अतिनील, साधारण १३४४ ते १७८६ अँगस्ट्रॉम, आणि जवळचा अतिनील, १७७१ ते २८३१. पुढे त्यांना एफयूव्ही आणि एनयूव्ही म्हणते.

पहिलाच खड्डा. एफयूव्हीच्या रकान्यात हजारो ठिकाणी −९९९ आहे. वाचायला ते 'दिसलं नाही' असं वाटतं, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत. एफयूव्हीचा शोधक मे २००९ मध्ये बंद पडला, त्यामुळे त्यानंतरच्या चौकटींत (एकेका वेळी टिपलेल्या आकाशाच्या तुकड्यांत) या पट्ट्यात कोणी पाहिलंच नाही. उरलेल्या ठिकाणी पाहिलं होतं, पण काही सापडलं नाही. या दोन गटांत जमीनअस्मानाचा फरक आहे. उद्भासनकाळाचा, म्हणजे किती सेकंद प्रकाश गोळा केला त्याचा, रकाना बघा: तो शून्य असेल तर ती ओळ काढून टाका, शून्यापेक्षा जास्त असेल तर जपून ठेवा. या प्रकल्पाचा अर्धा जीव त्या जपून ठेवलेल्या ओळींत आहे.

चौकटीच्या केंद्रापासून ०.५५ अंशापलीकडचं सगळं काढलं. कडेला प्रतिमा फाटते आणि खोटे ठिपके उगवतात.

२१ जून

दीर्घिका निवडणं. रंगावरून निवडायचा मोह होतो, कारण सोपं आहे. पण आपल्याला रंगच मोजायचा आहे. निवडही रंगावर केली तर उत्तर आधीच ठरवून टाकल्यासारखं होईल. म्हणून आकारावर निवड केली: प्रकाशाचा उतार लंबवर्तुळाकार दीर्घिकेसारखा, आणि वर्णपटात जोरदार उत्सर्जन रेषा नाहीत.

मग प्रतिमा डोळ्यांनी तपासल्या. एका मैत्रिणीने तीच यादी माझं उत्तर न पाहता तपासली. भिंगाकार दीर्घिकांवर (लंबवर्तुळाकारांसारख्याच, पण पुसट चकती असलेल्या) आमचं सर्वात कमी जमलं. ताम्रसृती ०.२ च्या पुढे चकतीचा पुसट भाग स्लोनच्या प्रतिमेत विरून जातो आणि सगळंच लंबवर्तुळाकार दिसायला लागतं. ज्यांवर एकमत झालं नाही त्या ओळींना खूण केली, काढल्या नाहीत.

२ जुलै

पहिला आलेख. आडवा अक्ष ताम्रसृती, उभा अक्ष एफयूव्ही आणि आर (दृश्य प्रकाशातला तांबडा) या पट्ट्यांतला रंग, म्हणजे दोन्हींतल्या तेजाचा फरक; आकडा जितका मोठा तितकं अतिनील कमी.

अपेक्षेच्या बरोबर उलट. लांब जावं तशा दीर्घिका अतिनीलमध्ये अधिक तेजस्वी! खरं मानायचं तर म्हातारपणी हा प्रकाश घटतो असा अर्थ निघतो.

५ जुलै

उलट का आलं ते कळलं. आलेखात फक्त सापडलेल्या दीर्घिका होत्या. अंतर वाढलं की जी अतिनीलमध्ये फारच तेजस्वी तीच सापडते, बाकीच्या −९९९ होऊन गळून पडतात. उरलेल्यांची सरासरी साहजिकच निळी होते.

हिशेब करून पाहिला. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका स्रोत फिकट. गॅलेक्सच्या एफयूव्हीत १८.८२ प्रतीचा स्रोत सेकंदाला एक फोटॉन देतो. ताम्रसृती ०.२ वरच्या अगदी भव्य लंबवर्तुळाकार दीर्घिकेची एफयूव्ही प्रत २३.५ च्या आसपास पडावी. म्हणजे संपूर्ण आकाशाच्या उथळ सर्वेक्षणात, साधारण १०० सेकंदांत, एखादा फोटॉन. मध्यम खोलीच्या सर्वेक्षणात, १५०० सेकंदांत, सुमारे वीस. उथळ सर्वेक्षणात ती 'सापडली' असेल, तर बहुधा तिच्यात दुसरं काहीतरी चालू आहे.

यावरून दोन निर्णय. उथळ चौकटी पूर्ण बाद. आणि कॅटलॉगातली प्रत वापरायची नाही. दीर्घिका कुठे आहे हे दृश्य प्रकाशातून माहीत आहेच, तेव्हा अतिनील प्रतिमेत बरोबर त्या जागी वर्तुळ टाकून आत किती फोटॉन पडले ते मोजायचं. उत्तर शून्य आलं तर शून्य लिहायचं, पार्श्वभूमी वजा केल्यावर उणे आलं तर उणे लिहायचं.

कॅटलॉग जुळवण्यात गेलेला वेळ वाया गेला. हे काम करणाऱ्याने सरळ इथून सुरुवात करावी.

११ जुलै

६ सेकंद त्रिज्येचं वर्तुळ (कोनीय सेकंद, अर्थात). मोजणी सोपी निघाली, अडलं ते पार्श्वभूमीवर.

दृश्य प्रकाशातली सवय अशी की आजूबाजूच्या पिक्सेलांचा मध्यक घ्यायचा, म्हणजे शेजारच्या ताऱ्यांचा परिणाम होत नाही. एफयूव्हीत मध्यक शून्य येतो. सगळीकडे, नेहमी. कारण पार्श्वभूमी दर पिक्सेलला सेकंदाला साधारण एक दशसहस्रांश फोटॉन एवढीच आहे. १५०० सेकंदांतसुद्धा सरासरी ०.१५. बहुतेक पिक्सेलांत एकही फोटॉन नसतो, म्हणून मध्यक शून्य. ती शून्य पार्श्वभूमी वजा केली की प्रत्येक वर्तुळात सातआठ फोटॉनांचा खोटा उजेड राहतो. वीस फोटॉनांच्या दीर्घिकेत हा मोठा गोंधळ आहे.

उपाय: शेजारचे स्रोत आधी झाकायचे, मग सरासरी घ्यायची, तीही मोठ्या कड्यातून. चुकीची मर्यादा पॉयसां वितरणावरून (तुरळक घटनांच्या मोजणीचं गणित) काढायची. वर्गमूळाचा नेहमीचा नियम इतक्या कमी फोटॉनांना लावू नका.

झाकण्याची यादी अतिनील प्रतिमेवरून करू नका, दृश्य प्रतिमेवरून करा. अतिनीलवरून केली तर योगायोगाने दोनचार फोटॉन जास्त पडलेली जागाही झाकली जाते आणि पार्श्वभूमी खरीपेक्षा कमी भरते.

१९ जुलै

आकाशगंगेतली धूळ. अतिनीलला ती फार खाते. गॅलेक्सच्या दोन्ही पट्ट्यांसाठी लालीच्या आकड्याला (त्या दिशेची धूळ प्रकाश किती तांबडा करते त्याचं माप) सुमारे ८.२ ने गुणायचं असं एक प्रचलित मान आहे. नंतरच्या, प्रत्यक्ष ताऱ्यांवरून काढलेल्या मानात एफयूव्हीचा गुणक ४.४ च्या आसपास येतो. दोघांत जवळजवळ दुपटीचा फरक! लालीचा आकडा ०.१ असलेल्या दिशेला हा फरक ०.४ प्रतीचा होतो, आणि मी शोधते आहे तो परिणामही साधारण तेवढाच.

दोन्ही मानं वापरून दोन उत्तरं काढली आणि लालीचा आकडा ०.०५ पेक्षा जास्त असलेल्या सगळ्या दिशा सोडून दिल्या. यादी बरीच आटली. वाईट वाटलं, पण जे उरलं त्यावर विश्वास ठेवता येतो.

२८ जुलै

सर्वात जास्त वेळ खाल्लेला भाग: ताम्रसृतीची दुरुस्ती.

ताम्रसृती ०.२ वर एफयूव्हीचा मध्य दीर्घिकेच्या स्वतःच्या चौकटीत, म्हणजे प्रकाशाचा ताण काढून टाकल्यावर, १२८० अँगस्ट्रॉमला पडतो, ०.३ वर ११८५ ला. म्हणजे प्रत्येक अंतरावर आपण चढाचा वेगळाच भाग बघतो. दुरुस्तीच्या तयार प्रोग्रॅममध्ये म्हाताऱ्या दीर्घिकेचा जो नमुना असतो त्यात बहुतेक वेळा हा चढच नसतो. तो वापरून काढलेली दुरुस्ती प्रतीच्या प्रती चुकते. माझ्या काही ओळींत ती इतकी अशक्य आली की त्यामुळेच हे ध्यानात आलं.

मग स्वतःचा नमुना केला: जुन्या ताऱ्यांचा वर्णपट, त्यावर कृष्णवस्तूच्या (फक्त तापमानावरून ठरणाऱ्या) प्रकाशाचा एक थर, तापमान १५,००० ते २५,००० केल्विन, आणि त्या थराची उंची मोकळी ठेवलेली. याला आधार आहे. स्पेस शटलमधून १९९० आणि १९९५ साली गेलेल्या हॉपकिन्स अतिनील दुर्बिणीने काही जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे ९१२ अँगस्ट्रॉमपर्यंतचे वर्णपट घेतले होते. चढ तिथपर्यंत वाढत जात नाही, आधीच वळतो. खूप तरुण, खूप तापलेले तारे असते तर तो वळला नसता.

त्याहून चांगली युक्ती नंतर सुचली: अंतराप्रमाणे फिल्टरांची जोडीच बदलायची. ताम्रसृती ०.५ वर एनयूव्हीचा मध्य, साधारण २३१५ अँगस्ट्रॉम, दीर्घिकेच्या चौकटीत १५४५ ला पडतो. म्हणजे तो जवळच्या दीर्घिकांच्या एफयूव्हीचंच काम करतो. तिथेच स्लोनचा झेड पट्टा (आरपेक्षाही तांबडा) जवळच्या आर पट्ट्याच्या जागी येतो. जवळ एफयूव्ही−आर, लांब एनयूव्ही−झेड. दुरुस्ती जवळजवळ नाहीशी होते, कारण पट्टा ताणला गेल्याने येणारा हिस्सा दोन्हीकडे सारखा असतो आणि वजाबाकीत जातो.

किंमत एकच. ताम्रसृती ०.३ च्या आसपासचा पट्टा कुठल्याच जोडीत नीट बसत नाही. तिथे एनयूव्हीचा मध्य १७८० वर पडतो आणि त्यात सूर्यासारख्या साध्या ताऱ्यांचा प्रकाशही मिसळतो. तो गट बाजूला ठेवला. आलेखात मधे भोक दिसेल, दिसू दे.

९ ऑगस्ट

आता खोट्या निळ्या दीर्घिका गाळणं. जुन्या दीर्घिकेत एक टक्का वस्तुमानाचे तारे अलीकडे जन्मले तरी अतिनीलमध्ये तेच गाजतात. गॅलेक्स यायच्या आधी अशा दीर्घिका अपवाद मानल्या जायच्या, आता त्या सर्रास सापडतात.

प्रचलित कसोटी अशी: एनयूव्ही−आर ५.४ पेक्षा जास्त असेल तर अलीकडची तारेनिर्मिती नाही. एफयूव्ही−एनयूव्ही ०.९ पेक्षा कमी आणि एफयूव्ही−आर ६.६ पेक्षा कमी असेल तर खरा चढ. ५.४ चा उगम जवळच्या, चढासाठी प्रसिद्ध असलेल्या एनजीसी ४५५२ या दीर्घिकेच्या रंगात आहे. पण ही मर्यादा ताम्रसृती शून्याजवळची. ०.२ वर एनयूव्हीचा मध्य १९३० ला सरकतो, तिथे तीच रेषा तशीच ओढली तर खरा चढ असलेल्या दीर्घिकाही तारेनिर्मितीच्या खात्यात जातात. रेषा माझ्या नमुन्यातून प्रत्येक गटासाठी नव्याने काढली.

आणि दुसरं. यातली शेवटची, खऱ्या चढाची, अट लावायची नाही. चढ किती जोरदार हेच तर मोजायचं आहे, मग कमी चढाच्या दीर्घिका काढून कसं चालेल? गाळणी फक्त तारेनिर्मितीची, तीही अतिनीलशी संबंध नसलेल्या पुराव्यावरून जिथे शक्य तिथे: ३७२७ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजनची रेषा, आणि वाइज यानाचा १२ मायक्रॉनचा पट्टा, जिथे तारेनिर्मितीतली तापलेली धूळ दिसते.

दीर्घिकासमूहांच्या मध्यावरच्या सर्वात मोठ्या दीर्घिका वेगळ्या काढल्या. त्यांच्यावर भोवतालचा थंड होणारा वायू पडून तारे बनू शकतात. एम ८७ सारख्या दीर्घिकेच्या मध्यातून निघणारा झोत तर स्वतःच अतिनीलमध्ये चमकतो.

२४ ऑगस्ट

एकेकटी मोजणी फारच कमजोर, म्हणून थप्पी. एका गटातल्या सगळ्या दीर्घिकांच्या जागा एकावर एक ठेवून फोटॉनांची बेरीज, उद्भासनकाळ आणि दृश्य प्रकाश यांनी तोलून.

थप्पीवर भरवसा ठेवण्याआधी रिकाम्या जागांची थप्पी करा. यादृच्छिक जागा निवडल्या आणि तीच बेरीज केली. शून्य यायला हवं होतं. आलं नाही, थोडंसं धन आलं. पार्श्वभूमी पुन्हा तपासली, फोटॉनांच्या मूळ नोंदीही पाहिल्या. गॅलेक्सचे सुमारे १.१ लाख कोटी फोटॉन एकेक करून नोंदवलेले आहेत आणि जीफोटॉन या साधनाने ते काढता येतात, हे केवढं वैभव आहे! तिथे काही दोष नव्हता. कारण असं की वर्तुळात कधीकधी एवढ्या फिकट दीर्घिका येतात की त्या झाकण्याच्या यादीतच नसतात. हा उजेड खरा आहे, फक्त आपला नाही.

त्याहून महत्त्वाचं: माझ्या यादृच्छिक जागा मोकळ्या आकाशात होत्या, आणि माझ्या दीर्घिका समूहांत, जिथे शेजार दाट. तुलनेच्या जागा त्याच समूहात, केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर घेतल्या तेव्हा वजा करायचा आकडा वाढला. ही एक पायरी गाळली असती तर लांबच्या गटात चढ 'सापडला' असता.

६ सप्टेंबर

जवळचे दोन गट पूर्ण: ताम्रसृती ०.१ पर्यंत, आणि ०.१ ते ०.२, म्हणजे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत. दोन्हींत थप्पीतला प्रकाश स्पष्ट आणि धुळीच्या दोन्ही मानांनी चुकीच्या मर्यादेत सारखा. जुलैतला उलटा उतार पूर्ण नाहीसा झाला. इतक्या कमी काळात फरक पडू नये अशीच अपेक्षा होती, त्यामुळे यात नवीन काही नाही, पण पद्धत उभी राहते आहे.

एक गोष्ट मनापासून आवडली. प्रत्येक गट दृश्य वर्णपटातल्या मॅग्नेशियमच्या रेषेवरून अर्धा अर्धा केला, तर जास्त धातूंच्या (खगोलात हेलियमहून जड सगळी मूलद्रव्यं) अर्ध्यात चढ मोठा आला. १९८८ साली आययूई उपग्रहाच्या निरीक्षणांतून जवळच्या दीर्घिकांत हाच संबंध दाखवला गेला होता. वीस वीस फोटॉनांच्या दीर्घिका एकत्र करून तो पुन्हा उमटताना बघणं हा या कामातला सर्वात आनंदाचा क्षण.

२० सप्टेंबर

ताम्रसृती ०.५, सुमारे ५०० कोटी वर्षं मागे. इथे सर्वात खोल चौकटीच लागतात, साधारण ३०,००० सेकंदांच्या. फोटॉनांची उणीव पडत नाही, पण गॅलेक्सच्या डोळ्याची तीक्ष्णता कमी पडते. एनयूव्हीत एका बिंदूचा ठिपका पाच सेकंदांहून रुंद उमटतो. त्या अंतरावर पाच सेकंद म्हणजे सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. आपली दीर्घिका आणि तिचा निळा शेजारी एकाच ठिपक्यात.

थप्पीत प्रकाश दिसतो. मग १० सेकंदांच्या आत निळा शेजारी असलेल्या सगळ्या दीर्घिका काढल्या आणि पुन्हा थप्पी केली. प्रकाश बराच घटला. शेजाऱ्याची मर्यादा थोडी इकडेतिकडे केली की उत्तर तिच्यासोबत हलतं. असा आकडा मोजमाप म्हणून लिहिता येत नाही. यादीत तो 'याहून जास्त नाही' एवढ्या अर्थाने ठेवला आहे.

३ ऑक्टोबर

०.५ साठी हबलच्या संग्रहाकडे वळले. तिथे तीक्ष्णता सेकंदाच्या दशांशात आहे, शेजाऱ्यांचा प्रश्नच मिटतो. लांबच्या समूहांवर हे काम हबलने पूर्वीच सुरू केलेलं आहे: ताम्रसृती ०.३३, ०.३७५, ०.५५ वरच्या दीर्घिकांत चढ दिसला. नंतरच्या निरीक्षणांत ०.७ च्या आसपास तो मंदावल्याचं दिसतं. तसं असेल तर हे तारे फार जुने तरी असावेत किंवा त्यांच्यात हेलियम नेहमीपेक्षा जास्त असावं, कारण जास्त हेलियमचे तारे लवकर म्हातारे होऊन कमी वयातच त्या अवस्थेला पोचतात.

हबलची वेगळी अडचण: तांबडी गळती. वाइड फील्ड कॅमेरा ३ चा एफ२२५डब्ल्यू फिल्टर थोडा तांबडा प्रकाशही आत सोडतो. तापलेल्या, निळ्या ताऱ्याला त्याने फरक पडत नाही. पण लंबवर्तुळाकार दीर्घिकेत तांबडा प्रकाश अतिनीलच्या कितीतरी पट, त्यामुळे गळालेला अंशही मोजणीत मोठा ठरतो. फिल्टरचा पूर्ण पारदर्शकता-वक्र घेऊन, अगदी १०,००० अँगस्ट्रॉमपर्यंत, नमुना त्यातून चालवायचा. वक्राची शेपटी कापलेली आवृत्ती सहज हाताला लागते, ती घेऊ नका. एफ२७५डब्ल्यूत हा त्रास कमी आहे आणि ०.५५ वर त्याचा मध्य १७४५ अँगस्ट्रॉमच्या जवळ पडतो. सुरुवात त्यापासून करते आहे.

जवळच्या दोन गटांची यादी इतरांना वापरता येईल अशी तयार आहे. प्रत्येक ओळीत वर्तुळातले कच्चे फोटॉन, उद्भासनकाळ, पार्श्वभूमी, लालीचा आकडा आणि आम्हा दोघींचं वर्गीकरण वेगवेगळं दिलं आहे. प्रत मुद्दाम दिलेली नाही. उणे मोजणीची प्रत निघत नाही, आणि प्रत दिली की त्या ओळी वापरणाऱ्याच्या हातून पुन्हा गळतात.